सात घरं, एक चौक: बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं एक घर पाडून बांधताना

२०१७ च्या जानेवारीत मावसभावाचा फोन आला. "ताई, आईचं घर पाडूनच बांधायचं ठरवलंय. तीन मजले बसवायचेत. नकाशा तूच काढ." मावशीचं घर सीबीडी बेलापूरला, सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये. मी आर्किटेक्ट आहे, ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात वीस वर्षं घरंच बांधते आहे. तरी त्या फोननंतर दोन दिवस मी त्याला काहीच कळवलं नाही. जे घर पाडायचं तो म्हणत होता, ती वसाहत मला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला अभ्यासाला होती. आणि त्याच घराच्या ओट्यावर लोळत मी बारावीची सुट्टी काढली होती.

या कामात काय ठरलं, काय चुकलं, आणि त्या चौकातली कुठली घरं मला चांगली वाटतात, कुठली वाईट, ते इथे सविस्तर मांडते आहे. उपनगरांत आज कितीतरी कुटुंबं जुनं बैठं घर पाडून नवं बांधताहेत. आत खोल्या किती, फरशी कुठली, स्वयंपाकाच्या ओट्याला ग्रॅनाइट की क्वार्ट्झ, यावर महिनोन् महिने चर्चा होते. पण दाट वस्तीत घराचा बरेवाईटपणा दर्शनी भिंतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या चार-पाच फुटांत ठरतो, आणि त्या चार-पाच फुटांबद्दल कुणीच बोलत नाही. माझं सगळं म्हणणं त्या पट्ट्याबद्दल आहे.

आधी जागा समजून घेऊ. खाडीपलीकडे मुंबईला जोडशहर वसवावं, हा प्रस्ताव वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडला. १९७० मध्ये ते शहर वसवायला सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सत्तरच्या दशकाच्या पहिल्या वर्षांत कोरिया तिथे मुख्य वास्तुविशारद होते. पुढे १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ६ हेक्टरांवर त्यांनी ही वसाहत आखली. हेक्टरी ५०० माणसं, शाळा आणि मोकळ्या जागा धरून. एवढी दाटी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतींच्या रांगा येतात. इथे मात्र प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जमीन, स्वतःचं दार आणि डोक्यावर स्वतःचं आकाश मिळालं.

आखणी तीन-चार आकड्यांत सांगता येते. सात घरं एका लहान चौकाभोवती. चौक साधारण ८ मीटर बाय ८ मीटर, म्हणजे सव्वीस फुटी. असे तीन पुंजके मिळून एकवीस घरं, त्यांच्या मधोमध १२ मीटरचा मोठा चौक. असे तीन मोठे गट मिळाले की त्यांच्यामध्ये २० मीटरचं पटांगण. वसाहतीच्या मधून एक ओहोळ जातो, पावसाचं पाणी तोच वाहून नेतो. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटर. कमी कमाईवाला आणि बऱ्या कमाईवाला यांच्या घरांच्या किमतीत कितीतरी पट फरक, पण पायाखालच्या जमिनीत फारसा नाही. ही समानता मला आजही या वसाहतीतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. कौलांचे फोटो सगळे काढतात, पण भूखंडाची मापं वाचून माणूस खरा थांबतो.

दोन घरांची भिंत सामाईक नाही. त्यामुळे एकाला घर वाढवायचं असेल तर शेजाऱ्याची परवानगी मागावी लागत नाही. संडास मात्र जोडीने पाठीला पाठ लावून बांधलेले, म्हणजे नळ-गटाराचा खर्च वाटला जातो. बांधकाम गावातल्या गवंड्याला जमेल असं: विटांच्या भिंती, चुन्याचा पांढरा रंग, लाकडी वासे, वर लाल कौलं. घर टप्प्याटप्प्याने वाढणार हे गृहीत धरूनच सगळं काढलेलं.

मावशी लालबागच्या चाळीत वाढलेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ती इथे राहायला आली तेव्हा तिला या चौकाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागला नाही. ती म्हणायची, "चाळीची गॅलरीच आहे गं ही, फक्त जमिनीवर आणून अंथरलीय." तिच्या घराचं तोंड दक्षिणेला, म्हणजे चौकाच्या उत्तर अंगाला घर, समोर दक्षिण अंगाला दुसरं. दारापुढे दीड फूट उंचीचा ओटा. दीड फूट ही उंची नीट लक्षात ठेवा. खाली पाय सोडून बसलं की तळवे जमिनीला टेकतात, आणि चौकात उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना मान फार वर करावी लागत नाही. त्या ओट्यावर भाजी निवडली जायची, गणिताचे पेपर सोडवले जायचे, आणि दुपारी चार वाजता समोरच्या घरातले आजोबा आपल्या ओट्यावर पेपर उलगडून बसले की मावशी चहाचं आधण वाढवायची. मध्ये सव्वीस फूट. न ओरडता बोलता येतं आणि बोलायचं नसेल तर पेपर वर धरता येतो. मी मोठ्या चौकातही बसून पाहिलं आहे. तिथे पलीकडच्या माणसाला हाक मारावी लागते. आठ मीटर हा आकडा कुणीतरी चालून, बसून, बोलून काढलेला आहे असं मला नेहमी वाटत आलं आहे.

पण ते घर सुखाचं होतं, असं मी म्हणणार नाही. कौलं दरवर्षी मे महिन्यात चाळावी लागत. सुरुवातीला कौलं शाकारणारा माणूस सहज मिळायचा. नंतर तो मिळेना, आणि मिळाला तर एका दिवसाचे तो मागेल ते पैसे. वाशांना वाळवी लागली. दोनदा औषध मारलं, तिसऱ्यांदा आढ्याजवळचा एक वासा बोटाने टोकरला तर भुसा पडला. माळ्यावर जायला शिडीवजा जिना. गुडघे दुखायला लागल्यावर मावशी माळ्यावर गेलीच नाही. खोल्या लहान. भावाचं लग्न झालं, मूल झालं, आणि चार मोठी माणसं व एक लहान असं कुटुंब त्या घरात खरंच मावेना. जे अभ्यासक हातात वह्या घेऊन ही वसाहत बघायला येतात ते उरलेल्या मूळ घरांपुढे उभे राहतात आणि नव्या बांधकामाकडे पाठ फिरवून "वाट लावली" म्हणतात. मला ते पटत नाही. वाळवी लागलेल्या वाशाखाली झोपणाऱ्या माणसाला वारसा सांगायचा नसतो.

मूळ कल्पनेतली खरी अडचण वेगळी होती असं मला वाटतं. घर हळूहळू वाढेल ही कल्पना पैसाही हळूहळू येईल यावर उभी आहे. या वर्षी एक खोली, बोनस मिळाला की न्हाणी, मुलगा नोकरीला लागला की माळा. पण माणसं बँकेत नोकरीला लागली, गृहकर्ज मिळू लागलं, आणि पैसा एकगठ्ठा आला. पैसा एकगठ्ठा आला की घरही एकगठ्ठाच बांधलं जातं. कंत्राटदार येतो, कॉलम-बीम-स्लॅब एवढंच त्याला येतं, आणि उतरत्या कौलांच्या घरावर स्लॅब वाढवता येत नसल्यामुळे पहिला सल्ला असतो, "पाडू या." तेव्हा आधीच्या आखणीत काय मोलाचं होतं हे सांगायला तिथे कुणी नसतं. मंजुरीच्या नकाशावर तुमचाच भूखंड असतो. बाकीची सहा घरं नुसत्या तुटक रेषा. चौकाचा कुणी मालक नाही, म्हणून त्याचा नकाशाही कुणी काढत नाही.

मी पहिलं काम केलं ते हे, की चौकाचा नकाशा काढला. मी आणि माझा एक विद्यार्थी, शंभर फुटी टेप घेऊन, एका रविवारी. सातही घरांच्या दर्शनी भिंती, ओट्यांच्या उंच्या, पावळीच्या म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या उंच्या, दारं, खिडक्या, गेटं, पाइप, सगळं. त्या वेळी सातांपैकी तीन घरं मूळ रूपात होती: मावशीचं, समोरचं आणि डाव्या हाताच्या काकूंचं. एक अर्धं वाढवलेलं. तीन पाडून नवी बांधलेली.

वाईट घर कसं असतं ते या तीनपैकी एकात इंच इंच मोजता आलं. तीन मजले, गच्चीच्या कठड्यापर्यंत उंची जवळजवळ १० मीटर. भूखंडाच्या कडेपर्यंत भिंत आणलेली. ओटा होता तिथे साडेचार फुटांची कंपाउंड वॉल आणि तिला स्टीलचं गेट, जे बाहेरच्या बाजूला, म्हणजे चौकात उघडतं. मोटरसायकल आत घ्यायला सिमेंटचा उतार केलेला. तो चौकात चार फूट पुढे आलेला. भिंतीवर दोन एसींची यंत्रं, दोन्ही चौकाकडे गरम हवा फेकणारी. गच्चीचा पाइप जमिनीपासून दोन फुटांवर तोडून मोकळा सोडलेला. पावसात त्याचं पाणी थेट चौकाच्या फरशीवर आदळतं आणि शेवाळं धरतं. खिडक्या मोठ्या, काचेच्या, सरकत्या. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही मोठी केली तरी एका वेळी अर्धीच उघडते, आणि वर छज्जा नसल्यामुळे जून ते सप्टेंबर तीही बंद. म्हणून एसी. म्हणून गरम हवा चौकात. म्हणून चौकात कुणी बसत नाही. घरातली माणसं सज्जन आहेत, मावशीच्या आजारपणात डबे त्यांनीच दिले. तरी त्या घराने आपल्याला नको असलेलं सगळं, पाणी, उष्णता, उतार, गेटचा पल्ला, एकेक करून चौकात टाकलेलं आहे.

चांगलं नवं घर त्याच चौकात, तिरक्या कोपऱ्यावर आहे, आणि ते कुठल्याही आर्किटेक्टने काढलेलं नाही. घरमालकांनी आणि एका मिस्त्रीने मिळून बांधलं. स्लॅबचं आहे, रंग पिवळा, कठड्याला सिमेंटच्या कमळाची नक्षी. माझ्या व्यवसायातले कितीतरी लोक त्या कमळांवरून घराला नावं ठेवतील. पण ओटा जसाच्या तसा आहे, दीड फुटाचा, आणि तो काळ्या कडप्प्याने बांधून काढला आहे. वरचा मजला ओट्याइतकाच मागे घेतलेला. ओट्यावर सिमेंटचा पत्रा न टाकता तीन फुटांचा उतरता छज्जा काढला आहे. पावसाचा पाइप जमिनीखालून ओहोळाकडे नेला आहे. दार उघडं असतं, आतलं देवघर चौकातून दिसतं. मिस्त्रीला मी विचारलं, ओटा का ठेवलात? तो म्हणाला, "मालकीणबाई म्हणाल्या, मला बसायला कुठं जागा राहील मग?" कोरियांच्या तत्त्वांबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली आहेत, त्या बाईंनी ते तत्त्व एका वाक्यात मिस्त्रीपर्यंत पोचवलं होतं.

मग उन्हाचा हिशेब मांडला. हा हिशेब मी भावाला कागदावर करून दाखवला. बेलापूर १९ अंशांवर आहे. २१ डिसेंबरला भर मध्यान्ही सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंश वर. १० मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेकडे सुमारे ९ मीटर पडते. चौक ८ मीटरचा. म्हणजे दक्षिण अंगाला तीन मजली घर उभं राहिलं की थंडीत चौकाच्या फरशीवर दुपारीसुद्धा ऊन नाही. साडेसहा मीटर उंचीची, म्हणजे दुमजली भिंत असेल तर सावली सहा मीटरच्या आत. दोन मीटरचा पट्टा उन्हात राहतो. मूळ घरांची पावळी तीन मीटरच्या आसपास, त्यांची सावली पावणेतीन मीटर, आणि बाकी सगळा चौक उन्हात.

भाऊ म्हणाला, "पण ताई, आपल्याकडे ऊन कुणाला हवंय? सावली बरीच की." हा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर तितकंच महत्त्वाचं आहे. मे महिन्यात, ज्या दुपारी सावलीसाठी जीव कासावीस होतो, तेव्हा सूर्य जवळजवळ थेट माथ्यावर असतो. त्या वेळी १० मीटरची भिंत काय, तीसची काय, तिची सावली तिच्याच पायाशी. उंच घर मेमध्ये दुपारची सावली देत नाही आणि डिसेंबरात दुपारचं ऊन काढून घेतं. मेची सावली देतो छज्जा आणि झाड. हे त्याला कागदावर दिसलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

त्याची मागणी होती तीन मजले, प्रत्येकी साडेपाचशे चौरस फूट. मावशीची मागणी एकच. "बाकी काय हवं ते कर, ओटा काढू नकोस. आणि खालची खोली माझी, जिना नको." तिसरा मजला कशाला, असं मी भावाला विचारलं. भाड्याने द्यायला, तो म्हणाला, कर्जाचा हप्ता सुटेल. यात काही वाईट नव्हतं. घरातून चार पैसे मिळावेत हा विचार तर मूळ आखणीतही आहे. आम्ही दोन संध्याकाळी आकडे मांडत बसलो. तिसऱ्या मजल्याचा बांधकामखर्च, त्यासाठी वाढवावे लागणारे कॉलम आणि पाया, जिन्यात जाणारी जागा, आणि येणारं भाडं. त्याच्या कर्जाच्या व्याजदराने तो मजला स्वतःचा खर्च भरून काढायला इतकी वर्षं लागत होती की भावाने स्वतःच पेन खाली ठेवलं. प्रत्येक घराचा हिशेब असा येईल असं नाही. पण तो मांडून बघणारे फार थोडे असतात. तीन मजले बसतात म्हणून तीन मजले चढतात.

शेवटी ठरलं ते असं. दोन मजले. खाली सुमारे ३८ चौरस मीटर, वर ३०. वरचा मजला चौकाच्या बाजूने ओट्याइतका मागे. खाली मावशीची खोली, स्वयंपाकघर, बैठक आणि न्हाणीघर, वर दोन खोल्या. मागे आठ फुटांचं उघडं अंगण तसंच ठेवलं. तिथे धुणं, तिथेच तुळस. दक्षिण तोंडामुळे नैऋत्येचा पाऊस ओट्यावर थेट मारतो, म्हणून ओट्यावर तीन फुटांचा उतरता छज्जा. वर उतरत्या स्लॅबवर मंगलोरी कौलं. कौलं नुसत्या सपाट पाच इंची स्लॅबपेक्षा महाग पडली, पण सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरा वाजेपर्यंत ती उष्णता खालच्या खोलीत सोडत राहतो. वरच्या खोलीत मुलं झोपणार होती. खिडक्या झडपांच्या, पूर्ण उघडणाऱ्या, आणि मागच्या अंगणाकडे समोरासमोर, म्हणजे वारा आरपार. एसीचं यंत्र मागे. गाडी रस्त्यावरच, जिथे आधीपासून लागते तिथे. यावर भाऊ सर्वांत जास्त वेळ नाराज राहिला.

ओट्याची उंची मिस्त्रीने पहिल्यांदा दोन फूट केली. "पाणी येऊ नये म्हणून, मॅडम." पाणी तिथे कधीच आलं नव्हतं. मी मावशीला त्यावर बसवलं. तिचे पाय लोंबकळले. तो सहा इंचांचा थर फोडायला लावला. मिस्त्री चिडला, मावशी संकोचली, भावाला वाटलं ताई उगाच ताणतेय. फोडल्यावर मावशी पुन्हा बसली, तळवे टेकले, आणि मिस्त्रीच्या हातात तिने चहाचा कप दिला. पुढे काम संपेपर्यंत त्याच्याशी माझा वाद झाला नाही.

आता माझ्या चुका.

पहिली फार जिव्हारी लागली. मूळ घरात काकूंच्या बाजूच्या भिंतीला एकही खिडकी नव्हती. मला ते माहीत होतं, मोजणीच्या कागदावर तसं लिहिलेलंही होतं. तरी नव्या घरात जिना त्या बाजूला आल्यावर तो अंधारा होऊ नये म्हणून मी अर्ध्यावरच्या चौथऱ्याला तीन फूट बाय चार फुटांची खिडकी काढली. ती नेमकी काकूंच्या मागच्या अंगणावर उघडत होती. काकू तिथे नातवाला आंघोळ घालायच्या, केस वाळवायच्या, कधी नुसत्या परकर-पोलक्यावर भांडी घासायच्या. त्या आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी अंगणात दोरी बांधली आणि त्यावर एक जुनी जांभळी नऊवारी आडवी टाकली. ती साडी दोन वर्षं तिथे होती. मी जेव्हा जेव्हा जायचे तेव्हा ती दिसायची आणि मला वाटायचं, वाळत घातली असेल. मावशीनेच एकदा सांगितलं, "अगं, ती वाळत नाहीये. तुझी खिडकी झाकलीय." त्याच आठवड्यात खिडकी विटांनी बुजवून घेतली आणि वर, डोळ्यांच्या उंचीच्या पुढे, जाळीच्या विटांच्या दोन ओळी ठेवल्या. उजेड तेवढाच येतो. काकूंनी साडी काढली आणि त्या दिवशी ओट्यावर येऊन बसल्या. ज्या भिंतीला खिडकी नव्हती ती कंजूषपणाने कोरी ठेवलेली नव्हती. शेजाऱ्याचं अंगण दिसू नये म्हणून ती तशी होती. हे मी कॉलेजात परीक्षेला लिहिलं होतं आणि बांधताना विसरले.

दुसरी चूक पाण्याची. उतरत्या स्लॅबच्या टोकाला पन्हळ दिली आणि तिला ७५ मिलिमीटरचा एकच पाइप. कागदावर पुरतो. पण मागच्या बदामाच्या झाडाची पानं पंज्याएवढी. दुसऱ्या पावसाळ्यात दोन पानांनी पाइपाचं तोंड बंद केलं, पन्हळ भरून पाणी उलटं कौलांखाली गेलं आणि वरच्या खोलीच्या छताला ओल आली. आता ११० चे दोन पाइप आहेत, तोंडाला जाळी आहे, आणि मे महिन्यात पन्हळ साफ करायचं काम भावाच्या मुलाकडे आहे.

घर पुरं झाल्यावर चौकात काय झालं, हा या प्रकरणाचा उरलेला भाग. अर्धं वाढवलेल्या घराच्या मालकांनी येऊन छज्ज्याचं माप नेलं आणि तसाच केला. वाईट म्हटलेल्या घराने पावसाचा पाइप जमिनीखालून नेला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, शेवाळ्यावरून त्यांचाच मुलगा घसरला. गेट अजून बाहेरच उघडतं. आणि २०२१ मध्ये समोरचं घर पाडायला निघालं.

समोरचं म्हणजे दक्षिण अंगाचं. पेपर वाचणारे आजोबा गेले होते, मुलगा दुबईहून परत येत होता. नकाशा दुसऱ्या कुणी आर्किटेक्टने काढलेला, तीन मजले, दर्शनी भिंत सरळ वर, उंची १० मीटर. मंजुरी मिळण्याजोगा. भाऊ मला म्हणाला, "ताई, तू बोल." मी गेले नाही. मावशी गेली, मी काढलेला उन्हाचा कागद घेऊन. चार वर्षांपूर्वी भावाला दाखवलेला तोच. त्या मुलाला ती लहानपणापासून ओळखत होती. काय बोलली ते मला पूर्ण कधी कळलं नाही. एवढंच कळलं की शेवटी तिने त्याला म्हटलं, "तुझे बाबा या ओट्यावर बसायचे तेव्हा समोर मी उन्हात बसायचे, एवढं लक्षात ठेव."

त्याला तिसरा मजला हवाच होता, आईवडिलांच्या पश्चात तीन भावंडांचा वाटा होता. तो त्याच्या आर्किटेक्टला घेऊन माझ्याकडे आला. आम्ही दोघांनी बसून तिसरा मजला चौकाच्या बाजूने तीन मीटर मागे सरकवला. मागच्या अंगणाच्या बाजूला थोडी जागा भरून काढली, एक खोली लहान झाली, तिथे पुढे गच्ची मिळाली. तीन मीटर मागे गेलेल्या १० मीटर उंचीची सावली चौकात सहा मीटरच्या जरा पुढे येऊन थांबते, म्हणजे साडेसहा मीटरच्या दुमजली भिंतीची जेवढी येते जवळजवळ तेवढीच. आकडे जुळले तेव्हा दुसरा आर्किटेक्ट, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, म्हणाला, "मला साइटवर कुणी हे विचारलंच नव्हतं."

२०२२ च्या डिसेंबरात, एकवीस तारखेला, मी मुद्दाम टेप घेऊन गेले. आपल्याकडे सूर्य मध्यावर यायला साडेबारा उलटून जातात. बारा पस्तीसला सावलीची कड चौकाच्या फरशीवर खडूने आखली आणि तिथून मावशीच्या ओट्यापर्यंत मोजलं. सहा फूट दोन इंच. कागदावरही सहा फुटांच्या आसपासच निघत होते.  त्या सहा फूट दोन इंचांत मावशीने सुपात तूरडाळ पसरून ठेवली होती, आणि काकू पाय उन्हात सोडून ओट्याच्या कडप्प्यावर बसल्या होत्या.